पाहुण्यांची खोली

"ही भिंत पाडली, की स्वयंपाकघरातून थेट समुद्र दिसेल," अनेस्तिस म्हणाला आणि त्याने टेपची पट्टी सर्रकन मागे घेतली.

स्त्रातिस मिस्त्रीने भिंतीवर टकटक केलं. "पाडू की! पोकळ विटेची आहे. तुझ्या बापाने ही बांधून घेतली तेव्हा मीच होतो. अर्धा दिवस भिंत, अर्धा दिवस दारू."

पार्थेना दारातच उभी होती. ग्रीसमधल्या काव्हाला बंदरातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तिची बेचाळीस वर्षं गेली होती, पण सालोनीत, म्हणजे घरातल्या या सगळ्यात चांगल्या खोलीत, ती एक तर फडकं घेऊन आली होती, नाहीतर तबक घेऊन. खोली पाहुण्यांची होती. ईस्टरला उघडायची, आणि नवऱ्याच्या, लाझारोसच्या, नामदिनाला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या सणाला. एरवी पडदे ओढलेले, कोचावर प्लास्टिक आणि दाराला कुलूप. आळीतल्या सगळ्याच बायका असं करायच्या. लग्नात मिळालेलं सामान वापरून जुनं करायचं नसतं, एवढंच त्यांना त्यांच्या आयांनी शिकवलं होतं आणि त्या आज्ञाधारक होत्या बिचाऱ्या.

पण या हिवाळ्यात पार्थेनाला एक खूळ लागलं. लाझारोस जाऊन आठ वर्षं झाली, पाहुणे तर त्याच्याही आधी आटले. मग ही खोली ठेवायची कोणासाठी? तिने कॅलेंडरचं पान फाडून पाठीमागे पेन्सिलीने चौकोन काढला. गॅलरीच्या दारापाशी पलंग, शेजारी एक खुर्ची, काचेचं कपाट बाहेर. उरलेले दिवस आपण इथे काढायचे. मग स्त्रातिसला तिने स्वतः निरोप धाडला, आणि मापं घ्यायला मुलाला, अनेस्तिसला, बोलावलं. तिथे चुकलं. मुलगा आपला आराखडा घेऊनच आला.

"बोलावलंत तुम्ही वहिनी, आणि बोलतोय हाच," स्त्रातिस म्हणाला. "तुमच्या मनात काय आहे?"

पार्थेनाने एप्रनच्या खिशातून तो कागद काढला. अनेस्तिसने बघितला आणि तो हसला.

"पलंग? सालोनीत?"

"का? माझे गुडघे गेलेत. इथून बोट दिसते थासोस बेटावर जाणारी. पडल्यापडल्या बघेन."

"आई, अगं, सीझनमध्ये इथे भाडेकरू असणार. परदेशी पर्यटक. त्यांना मोकळी जागा लागते, समुद्र लागतो. फानीने सगळं बघून ठेवलंय." फानी म्हणजे त्याची बायको. "मे ते ऑक्टोबर, एवढंच. तुझ्यासाठी खालची खोली रंगवून घेऊ."

"खालची? तेलाचे डबे ठेवतो ती?"

"डबे काढू ना!"

"खिडकीतून लोकांचे पाय दिसतात रे तिथे."

"मग बूट बघत बसा. वेळ जाईल तुमचा," स्त्रातिस पुटपुटला. विनोदावर कोणीच हसलं नाही. त्याने उगाच खिशातली सिगारेट चाचपली.

पार्थेनाचा आवाज चढला. "घरात राहणारं माणूस मी, आणि तळघरात जायचं मी? चांगली खोली परक्यांना?"

अनेस्तिस तिच्याकडे बघतच राहिला. त्याला रागही आलेला दिसला नाही, आणि तेच वाईट होतं.

"मला गालफुगी झाली होती, आठवतं? अकरा वर्षांचा होतो. स्वयंपाकघरात घडीच्या खाटेवर, तुझ्या तळणाच्या वासात पडलेलो. डॉक्टर आले, तर तू ही खोली उघडलीस. डॉक्टरांसाठी. कोचावर बसवलंस त्यांना, कॉफी दिलीस, पाकातल्या चेरी दिल्यास. मी म्हटलं, आई, आजच्या दिवस मला तिकडे झोपू दे. काय म्हणालीस?"

तिला आठवत होतं.

"म्हणालीस, सालोनीत कोणी झोपतं का! एकोणीस वर्षं त्या खाटेवर झोपलो मी, या बंद खोलीच्या भिंतीला पाय लावून."

पेरलं तेच उगवलं, दुसरं काय. पार्थेनाला मुलाचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि मेलेल्या आईचा तर सगळ्यात जास्त आला.

राग येऊनही उपयोग नव्हता. अनेस्तिसच्या लग्नात तिने घर त्याच्या नावावर केलं तेव्हा नोटरीने दोनदा विचारलं होतं, "तहहयात राहायचा हक्क तुमच्याकडे ठेवायचा ना?" काव्हालात तो हक्क सगळेच ठेवतात, शहाणे आणि मूर्खही. पण पार्थेना ताठ मानेने म्हणाली होती, "पोटच्या पोराशी कागद करू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!" व्याही-विहीण समोर बसले होते ना. त्यांच्यापुढे मोठेपणा मिरवायला तिला फार आवडलं होतं त्या दिवशी.

"मग कधी सुरू करायचं?" स्त्रातिसने विचारलं. विचारलं अनेस्तिसला, पण नजर जमिनीवर ठेवून.

"सोमवारी."

"वहिनी, येतो," म्हणत तो जवळजवळ पळालाच.

अनेस्तिस फोन काढून कोपऱ्यातून खोलीचे फोटो घेऊ लागला. फानीला पाठवायचे होते. तेवढ्यात पार्थेना आत आली. हातात फडकं नव्हतं, तबक नव्हतं. ती सरळ कोचाच्या मधोमध जाऊन बसली. प्लास्टिक करकरलं. कोच टणक निघाला, स्प्रिंगा टोचत होत्या. असल्या कोचासाठी बेचाळीस वर्षं आपण जीव टाकला, असं तिला वाटलं. पण समोर समुद्र होता. थासोसची बोट नुकतीच धक्क्यावरून निघाली होती आणि ऊन थेट तिच्या मांडीवर आलं होतं.

"आई, जरा ऊठ गं. फोटोत येतेस."

ती लगेच उठली. उठून ती मागे वळली. प्लास्टिकवर तिच्या बसण्याने खळगा पडला होता. तिने तळहाताने तो नीट सपाट केला, कडा ओढून बसवल्या, आणि फोटोत येणार नाही अशी बाजूला जाऊन उभी राहिली.