सहीपुरतं पान

लिलावाच्या खिडकीवर बसायला लागून मला दीड वर्ष झालं. जुन्या गाड्या घ्यायला येणाऱ्यांचे अर्ज भरायचे, अनामत घ्यायची, हातात क्रमांकाची पाटी द्यायची. अर्ज एका लांब कागदाचा. वरच्या अर्ध्या भागात, मुंगीएवढ्या अक्षरांत, बोलीवर चढणारे आकार: कंपनीचं कमिशन, आवारभाडं, कागदपत्रांचा खर्च, गाडी फाटकाबाहेर काढायचे वेगळे, आणि या सगळ्यावर कर. तो भाग मागे दुमडायचा, सहीची चौकट तेवढी पुढे सरकवायची आणि बोट ठेवायचं. साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "कुणी विचारलं तर सांगायचं. आपण काही लपवत नाही." विचारत कुणीच नाही. रांग मोठी असते आणि सगळ्यांचा जीव बाहेरच्या गाड्यांत अडकलेला असतो.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. लॉजच्या चादरी धुऊन, इस्त्री करून पोचवतात. स्कूटरला गठ्ठे बांधून दिवसाला चार फेऱ्या. मी कामावर असते तेव्हा माझं आठ महिन्यांचं पोरगं त्यांच्याकडेच, चादरींच्या ढिगात लोळत असतं. "लाडोबाला मऊ गादीची सवय लावून ठेवलीय मी," त्या म्हणतात. "पुढे त्याची बायको माझ्या नावाने बोटं मोडेल."

पाच वर्षांत त्यांनी सव्वादोन लाख साठवले होते. लिलावात एक पांढरी व्हॅन येणार, हे मीच त्यांना सांगितलं. मागची सीट काढली की सगळे गठ्ठे एका फेरीत.

"तू तिथे आहेस म्हटल्यावर मला कसली काळजी," त्या म्हणाल्या.

आकारांचं आदल्या दिवशी सांगायचं मनात होतं. पण पोराचे दात येत होते, दिवसभर किरकिर, त्यात राहून गेलं. सकाळी ताई त्याला कडेवर घेऊन खिडकीशी आल्या. साहेब माझ्या पाठीमागेच उभे होते, चहाचा कप घेऊन. मी नाव लिहिलं, पंचवीस हजार अनामत मोजून घेतली, आणि माझ्या हातांनी कागद दुमडला. दुमडताना मला कळलं मी काय करतेय. एका वाक्याचं काम होतं. मी बोट ठेवलं आणि म्हटलं, "इथे, ताई."

पोराचा हात पेनापासून दूर धरत त्यांनी सही केली.

बोलीत एक दलाल चढत राहिला, ताईही मागे हटल्या नाहीत. दोन लाख वीस हजारांवर हातोडा पडला. ताईंनी पाटी पोराच्या मुठीत दिली. "घ्या शेठ, तुमची गाडी." त्या इतक्या हसत होत्या की मी अर्जांच्या गठ्ठ्यात डोकं घातलं.

दुपारी बिलही मीच छापलं. दोन लाख एकसष्ट हजार. तीन दिवसांत भरायचे, नाहीतर अनामत जप्त.

ताईंनी बिल उलटसुलट करून पाहिलं. "अगं, हे दुसऱ्या कुणाचं तरी आलंय."

"तुमचंच आहे, ताई."

रांगेत ताईंच्या मागे उभा असलेला माणूस म्हणाला, "अर्जावर असतं हो सगळं. वाचतो कोण?" मी त्याचा अर्ज ओढून घेतला आणि लिहीत राहिले.

संध्याकाळी पोराला घ्यायला गेले तेव्हा ताई इस्त्री करत होत्या. पोरगं त्यांच्या पायाशी चादरीचं टोक चघळत होतं.

"तुझा तरी काय दोष," त्या म्हणाल्या. "तुला बिचारीला कुठून ठाऊक असणार? पुढ्यात येईल ते भरायचं तुम्ही."

"हो ना," मी म्हटलं. म्हटलंसुद्धा.

"उद्या येते तुझ्या साहेबाकडे. म्हणते, माझी सख्खी भावजय इथे दीड वर्ष बसते, तिलासुद्धा माहीत नव्हतं. मग आमच्यासारखीला काय कळणार? बघू काय बोलतो."

त्या माझ्या नावाची शपथ घेऊन तिथे उभ्या राहणार होत्या, आणि साहेब माझ्याकडे बघून हसणार होते.

"ताई, मला माहीत होतं."

त्यांनी इस्त्री उभी ठेवली.

"रोज तो भाग मीच दुमडते. तुमचाही दुमडला. साहेब मागे होते म्हणून... नाही, ते नसते तरी दुमडला असता बहुतेक. हात तसाच चालतो आता."

त्यांनी खाली वाकून पोराच्या तोंडातलं चादरीचं टोक काढलं, त्याची हनुवटी पुसली.

"वरचे पैसे मी भरते," मी म्हटलं. "दर महिन्याच्या पगारातून देते."

"तुझा पगार त्याच कागदातून येतो ना?" आवाज चढलाही नव्हता. "नको. गाडी सोडते मी. गेले पंचवीस हजार तर गेले."

त्यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडातून आलं ते असं: "आणि बाळाला... उद्या आणू ना?"

ऐकलं आणि मलाच माझी किळस आली.

"आण," ताई म्हणाल्या. "त्याने कुणाचं काय दुमडलंय?"

त्यांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. मी हात पुढे केले. त्या थोपटत राहिल्या.

"झोप लागतेय त्याला. थांब जरा."

मी पिशवी धरून दाराशी उभी राहिले. बस, असं त्या म्हणाल्या नाहीत.