फेरीपूर्वी काढलेले तुकडे

खाटेचा कठडा वर ओढला की प्राणवायूची नळी त्याच्या सांध्यात चिमटत असे. त्यावर या वॉर्डाने स्वतःच उपाय शोधला होता. टणक पाइपचा तुकडा उभा चिरून नळीवर चढवला की नळी दबत नसे. मात्र अधीक्षकांची फेरी असली की सगळे तुकडे काढून लपवायचे, हाही वॉर्डाचाच रिवाज होता. कारण मागच्या साहेबांनी ‘हा काय जुगाड?’ म्हणून थोरल्या सिस्टरना, म्हणजे आक्कांना, सर्वांदेखत फैलावर घेतले होते.

आज नव्या अधीक्षक मॅडमची पहिली फेरी होती.

“आक्का, या बाई बऱ्या आहेत म्हणे. राहू द्यायचे का तुकडे?” धाकट्या सिस्टरने विचारले.

“नव्याचे नऊ दिवस, बाई. काढ. आणि मामा, कठडे वर घ्या. वॉर्ड कसा टापटीप दिसला पाहिजे.”

वॉर्डबॉय मामांनी कठडे ओढले. कोपऱ्यातल्या खाटेवरचे ड्रायव्हरकाका मास्कआडून म्हणाले, “आमची गाडी पासिंगला काढली वाटतं!”

मॅडम आल्या. दाराजवळच्या टेबलाशी त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतले.

“चुका काढायला आलेले नाही मी. रोजच्या अडचणींवर तुम्ही काहीतरी शोधून काढलेलं असणारच. ते दाखवा. एका वॉर्डाला सुचलेलं बाकीच्यांना कळायला नको?”

धाकटीने आक्कांकडे पाहिले. आक्का फरशीकडे पाहत राहिल्या.

“घाबरू नका,” मॅडम म्हणाल्या आणि उत्तराची वाट पाहत थांबल्या. कोणी तोंड उघडेना.

काकांची हाकही कोणाला ऐकू आली नाही; हाक मारण्याइतका श्वास त्यांच्यापाशी उरला नव्हता. मामा सहज वळले, तेव्हा काकांचे ओठ निळे पडलेले दिसले. कठडा खाली आला, नळी मोकळी झाली, छाती दाबून झाली, इंजेक्शने झाली. काका परतले नाहीत.

आक्कांनी खिशातला तुकडा मॅडमपुढे धरला. “हा नळीवर असता, तर वाचले असते.”

“मग काढला कशाला?”

“तुम्ही येणार होतात म्हणून.”

मॅडमनी तो तुकडा हातात घेतला. मग म्हणाल्या, “त्यांच्या मुलीला हे असंच सांगायचं. काही झाकायचं नाही. चला, मी येते.”

फेरीसाठी बाहेर बसवलेली मुलगी दोघींना पाहून उठली.

“झाली का फेरी? बाबांकडे जाऊ आता?”

मॅडमनी तिला आधी बसायला सांगितले.