गणू साबळे यांचं पदक

माझ्या बायकोच्या मते मी मेलेल्या माणसांची भांडी गोळा करतो. शिल्पाला मी कितीदा सांगितलं की ही लष्करी पदकं आहेत आणि त्यांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, नाव, पलटण असं सगळं कोरलेलं असतं. "मग ज्याचं नाव आहे त्याच्या घरी देऊन टाक ना," ती म्हणते. अशा माणसाशी काय बोलणार?

मी लंडनच्या पिनर भागात राहतो, आठवडाभर एका विमा कंपनीचा डेटाबेस सांभाळतो आणि शनिवारी पदकांचे बाजार हिंडतो. तिथे माझ्यासारखेच साठीकडे झुकलेले पुरुष डोळ्याला भिंग लावून वाकलेले असतात. आमच्यात एकच महापाप आहे, ते म्हणजे पदक घासणं. चांदीवर ऐंशी-नव्वद वर्षांत चढलेला काळपटपणा हीच तिची खरी शोभा, म्हणून मी पदकं सुती हातमोजे घालूनच हाताळतो. घरातली भांडी मात्र मी कुठलेच हातमोजे घालून हाताळत नाही, असं शिल्पाचं निरीक्षण आहे.

तर माझ्याकडे एक पदक होतं, वायव्य सरहद्दीचं, १९३७ सालचं. कडेवर नाव होतं शिपाई गणू साबळे, मराठा पलटण. दोन वर्षं पत्रं पाठवून, ओळखी काढून मी त्यांच्या भरतीच्या कागदाची प्रतही मिळवली होती. पुढे १९४४ साली ते इटलीत मारले गेले, हेही शोधून काढलं होतं. राहिला होता फक्त फोटो. पुढच्या महिन्यात आमच्या क्लबात माझं भाषण होतं, आणि पडद्यावर फोटो नसेल तर ती मंडळी सरळ डुलक्या काढतात.

भरतीच्या कागदावर साताऱ्याकडच्या गावाचं नाव होतं. ते मी लंडनच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि दोन दिवसांत एजवेअरच्या ईशिता नावाच्या मुलीचं उत्तर आलं. गणू साबळे तिच्या आजीचे वडील. "आजींना किती बरं वाटेल!" शिल्पा म्हणाली. मलाही बरं वाटलं, फोटो मिळणार म्हणून. पदक परत देण्याचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. पदक दाखवायचं, फोटोचा फोटो काढायचा, चहा प्यायचा आणि निघायचं, असा साधा बेत होता.

दार ईशितानं उघडलं. "आजी, अंकल आला! शूज इकडे काढा, प्लीज."

कलावतीआजी ब्याऐंशी वर्षांच्या. शिल्पानं रिकाम्या हातानं जाऊ नकोस म्हणून पेढ्यांचा डबा दिला होता. एका हातात कागदांची बॅग असल्यामुळे मी पदकाची डबी पेढ्यांच्या डब्यावरच ठेवली होती. आजींना वाकून नमस्कार केला आणि दोन्ही डबे तसेच पुढे केले.

आता नमस्कार करून पेढ्यांसकट पुढे केलेली वस्तू म्हणजे काय, हे कुठल्याही मराठी घरात विचारा. आजींनी डबी उघडली, पदक कपाळाला लावलं आणि थेट स्वयंपाकघरातल्या देवांपुढे नेऊन ठेवलं. माझं पदक बाळकृष्णाशेजारी जाऊन बसलं. देवापुढे ठेवलेली वस्तू 'माझी आहे' म्हणून उचलायची हिंमत माझ्यात नाही. एरवी मी स्वतःला नास्तिक म्हणवतो.

"लई काळं पडलंय ओ," आजी म्हणाल्या. त्यांनी बोटावर टूथपेस्ट घेतली, वर चिमूटभर रांगोळी टाकली आणि सुरुवात केली.

"आजी, नको!" मी ओरडलो.

"बसा तुम्ही. पाहुण्यानं कामाला हात लावायचा नसतो."

नव्वद वर्षांचा काळपटपणा सिंकमधून वाहून गेला. माझे हातमोजे खिशातच होते. आजींनी लखलखीत पदकाला हळदकुंकू वाहिलं, पेढ्याचा नैवेद्य दाखवला आणि तोच पेढा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. दुसरं काय करणार?

"आई मरेपर्यंत म्हणायची, तुझ्या बापाचा बिल्ला चुलत्यानं विकला," त्या म्हणाल्या. "घरात त्यांचं तेवढंच होतं. तुम्ही परत आणलात. देव भलं करो."

आता बोललो नाही तर पदक गेलंच. मी बॅगेतून कागद काढले, घसा खाकरला आणि म्हणालो, "आजी, त्याचं असं आहे, मी संशोधन करतो..."

"अंकल, तुम्हाला फोटो पाहिजे होता ना?" ईशिता मध्येच म्हणाली. "सॉरी, पण आमच्याकडे नाही. कुणाकडेच नाही."

"मी पोटात असताना ते गेले," आजी म्हणाल्या. "आईला विचारायचे, दिसायला कसे होते गं? ती म्हणायची, चांगले होते. बस, तेवढंच."

माझ्या हातात भरतीचा कागद होता. नंबर आणि तारखा जुळवायला तो मी शंभर वेळा पाहिला असेल. बाकीच्या ओळी कधी वाचल्या होत्या की नाही, देव जाणे. माझी मलाच लाज वाटली. पदकाचं वाक्य गिळून मी वाचायला लागलो. "उंची पाच फूट पाच इंच. छाती तेहेतीस. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर व्रण. उजव्या मनगटावर गोंदलेला मारुती."

आजींचं बोट आपोआप स्वतःच्या डाव्या भुवईकडे गेलं. "पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या. मी वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. मग त्यांनी विचारलं, "तुमची उंची किती?"

आजवर मी सगळ्यांना पाच सात सांगत आलोय. लग्नाच्या वेळी शिल्पाच्या वडिलांनाही तेच लिहून दिलं होतं.

"पाच पाच," मी म्हणालो.

"उभे ऱ्हावा जरा."

मी उभा राहिलो. आजी समोर आल्या, मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी हात उचलून तळवा माझ्या डोक्यावर सपाट ठेवला.

"ईशे, बघ," त्या म्हणाल्या. "माझे आबा एवढे होते."

माझे डोळे भरून आले होते, पण पुसायला हात वर केला नाही. मी हललो असतो तर गणू साबळ्यांची उंची चुकली असती.