गणित सोडवलं

आमच्या घरात आधी हात बोलतो, मग तोंड. बाबांचा हात सगळ्यात जड, आईचा त्याच्या खालोखाल, आणि माझाही काही हलका नाही. कोचिंगमध्ये एका पोराने मागून माझी वेणी ओढली तेव्हा मी त्याचं नाक फोडलं होतं. सरांनी घरी फोन केला तर बाबा फोनवरच हसले, म्हणाले, बरोबर केलं, मेरी बेटी है. तेव्हा माझं नाव सुरभी, म्हणून मी कुणी गरीब गाय आहे असं समजू नका. मार बसतो तेव्हा मला रडू येत नाही, संताप येतो, आणि तो दिवसभर पोटात उकळत राहतो.

माझे बाबा सांवेर रोडवर पंपाचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहेत. दिवसभर मापं घ्यायची आणि चुकलेला पार्ट उचलून बाजूला फेकायचा, हे त्यांचं काम. घरी आले की तोच धंदा माझ्यावर. त्यांना स्वतःला इंजिनियर व्हायचं होतं, डिप्लोमावर गाडी अडली. ती राहिलेली गाडी आता मी ढकलायची होती.

अकरावीत त्यांनी मला मॅथ्स आणि बायो दोन्ही घ्यायला लावलं. म्हणाले, दोन दारं उघडी असलेली बरी. जुलैत शाळेने सांगितलं, दोन्ही झेपत नसेल त्यांनी एक विषय सोडा, नंतर बदल होणार नाही. बाबांनी चहा पितापिता निकाल दिला. बायो सोड. मला कुणी विचारलं नाही. मला काय हवं होतं ते शाळेत भिंतीलासुद्धा माहीत होतं. बायोच्या मॅडमनी एकदा खाटकाकडून बकऱ्याचं काळीज मागवलं होतं, छातीतलं, धडधडणारं ते. अर्धा वर्ग ओकायला पळाला. मी चारही कप्प्यांत बोटं घालून पाहिली, रक्त कुठून येतं, कुठे जातं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मला सरळ कळलं.

गणित मला कधीच सरळ कळलं नाही. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बाबा शेजारी बसायचे, हातात कारखान्यातली स्टीलची पट्टी. चिन्ह चुकलं की पट्टी. आणि सपाट नाही, धारेने. डाव्या हाताच्या बोटांवर, कारण उजव्या हाताने लिहायचं असतं. त्या आठवड्यात ट्रिगोनोमेट्रीचं एक गणित दिलं होतं, डावी बाजू बरोबर उजवी बाजू दाखवा म्हणून. रोज मी तिथेच अडकायची, रोज पट्टी. माझी बोटं इतकी सुजली की केस बांधता येईनात.

आई पोळ्या लाटता लाटता बघायची. मध्ये पडायची नाही. मध्ये पडलं की मार दुप्पट होतो, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पण मंगळवारी सकाळी ती माझी वेणी घालत होती आणि मी म्हटलं, "आई, या विषय सोडायच्या फॉर्मवर सही कर ना. बायोऐवजी गणित जाऊ दे माझं. पालकाची सही लागते फक्त."

तिने वेणी सोडली आणि फाडकन माझ्या गालावर एक ठेवून दिली. "बापाच्या पाठीमागे करायला सांगतेस मला?" म्हणाली. मग माझा डावा हात उचलून उजेडात धरला, एकेक बोट बघितलं, आणि सही केली. बाबा तिला अरुंधती म्हणत नाहीत, नुसतं "ए" म्हणतात, पण सही तिने पूर्ण नावाची केली, वळणदार.

मी शाळेत देऊन आले. आई म्हणाली, तूच सांग, आणि जेवताना सांग, ताटावर असताना ते उठत नाहीत. बुधवारी ओव्हरटाइम नव्हता, ते लवकर आले. पहिला घास तोंडात गेला तसं मी एका दमात म्हणून टाकलं, "बाबा, ते गणित सोडवलं मी."

आता यातली मेख सांगते. आमची मराठी इंदूरची. पणजोबा मिलमध्ये कारकून म्हणून आले, तेव्हापासून ती घासून घासून अर्धी हिंदी झाली आहे. हिंदीत छुडवा लिया, म्हणून माझ्या तोंडात सोडवलं. शाळेतून छुडवा लिया, विषय काढून टाकला, बस. पण बाबा आजोबांच्या हाताखाली वाढलेले. आजोबा मराठी शाळेत मास्तर होते, त्यांच्या मराठीत गणित सोडवलं म्हणजे गणित सुटलं, उत्तर आलं. हे मला कुठे ठाऊक. मी गणित नेहमी सॉल्व करते किंवा नाही करत.

बाबांचा घास हातातच राहिला. "सोडवलंस? तू स्वतः?"

"हो."

"कुणी मदत केली?"

"आई होती ना."

यावर ते इतके हसले की ठसका लागला. "ही? ही काय करणार त्यात." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी डोळे घट्ट मिटले होते, फटका येणार म्हणून. फटका आला नाही, हात नुसता राहिला, गरम. मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींनाही काही कळेना.

ते ताटावरून उठले. हात धुऊन म्हणाले, "चल, खजरान्याला जाऊन येऊ. बुधवार आहे, गणपतीला लाडू ठेवू." स्कूटरवर मी मागे बसले. वाटेत सिग्नलला त्यांनी कारखान्यातल्या चिंतामणकाकांना फोन लावला. "अरे भिया, पोरगी ने कर दिखाया. हां, अकेली ने." मला वाटलं, माझा बाप आतून असा होता आणि मला सोळा वर्षांत दिसला नाही. मी त्यांच्या पाठीला गाल लावला. खरंच सांगते, तेवढा वेळ मी फार सुखात होते. पुढे जे झालं त्याचा राग मला मारापेक्षा त्या सुखामुळे जास्त आहे.

देवळाबाहेर दुकानांची रांग, गर्दी. बाबांनी लाडूंचा डबा घेतला, मला धरायला दिला. दर्शन झालं. बाहेर पायरीपाशी ते चपला घालत होते आणि मोठ्या खुशीत म्हणाले, "आता असंच. एकेक करून सगळी सोडवायची."

"सगळी कशाला, बाबा?" मी हसले. "बाकीचे विषय तर मला आवडतात. गणित एकच सोडवायचं होतं."

"मतलब?"

"मतलब ते सुटलं ना आता. सोमवारपासून गणिताच्या तासाला मी लायब्ररीत बसणार. मॅडमनी नावपण काढलं रजिस्टरमधून."

त्यांनी एक चप्पल घातली होती, दुसरी पायाशी होती. चेहरा हळूहळू बदलत गेला आणि मला माझी चूक कळली. कळली तोवर कानाखाली आवाज झाला. डबा उडाला, लाडू पायरीवरून गडगडले, माझा ओठ दातावर आपटून फुटला. दुसरी बसली तेव्हा मी दुकानाच्या बाकड्यावर आपटले. नारळ घेऊन उभा असलेला एक माणूस म्हणाला, "अरे भाईसाब, मंदिर में बच्ची को?" बाबा त्याला म्हणाले, "मेरी बच्ची है, तू अपना नारियल देख." तो खरंच नारळ बघायला लागला.

घरी आल्यावर बाबांनी दार आतून लावलं आणि विचारलं, "सही कुणाची?"

"मी केली. खोटी," मी म्हटलं.

त्यांनी पट्टी घेतली. या वेळी बोटं नाहीत, जिथे लागेल तिथे. पाठ, दंड, कान. मी कोपऱ्यात दप्तर डोक्यावर धरून बसले आणि मनात शिव्या मोजत होते. त्यांचा श्वास चढला होता. कारखान्यात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, म्हणत होते, सगळ्यांना सांगून बसलोय मी. तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला कणीक.

"सही माझी आहे," ती म्हणाली. "खोटी नाही, खरी आहे."

बाबांनी पट्टी खाली टाकली. त्यांनी आईचा अंबाडा धरला आणि तिचं डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं. फ्रिजवरचं सगळं खाली आलं. त्यांनी तिला ओट्यापर्यंत फरफटत नेलं. "उद्या शाळेत जायचं. सांगायचं, चूक झाली, गणित परत द्या."

"नाही."

एक थप्पड. "सांगायचं."

"नाही."

आई एरवी असं बोलत नाही. एरवी ती फटका बसायच्या आधीच कबूल होते. त्या दिवशी ती नाही म्हणायची आणि तो मारायचा, ती नाही म्हणायची आणि तो मारायचा. तिच्या नाकातून रक्त येऊन कणकेच्या हातावर पडत होतं. मी ओरडले, "घेते मी गणित. बाबा, घेते, सोडा तिला."

आईने तशाच अवस्थेत माझ्याकडे मान वळवली. "घेतलंस तर तंगडी तोडीन तुझी," ती म्हणाली. मला कुणीच आयुष्यात इतकं प्रेमाचं बोललेलं नाही.

बाबांनी परत हात उचलला. ओट्यावर खलबत्ता होता, लसूण चेचून तसाच ठेवलेला. मी बत्ता उचलला. विचार केला नाही असं म्हणणार नाही. केला. डोक्यात नको, केस धरलेल्या हातावर, एवढा विचार केला. मनगटाच्या थोडं वर मारला, अंगातला सगळा जोर लावून. ओली काटकी नव्हे, वाळलेली मोडते तसा आवाज आला. आईचे केस त्यांच्या मुठीतून सुटले.

बाबा खाली बसले. ओरडले नाहीत. हाताकडे बघत राहिले, तो नको तिथे वाकला होता. चुकलेला पार्ट बघतात तसेच बघत होते. आई भिंतीला धरून उठली, माझ्याकडे आली आणि तिने हात वर केला. मला माहीत होतं, बापावर हात उचलतेस म्हणून आता मला बसणार, आणि ते मला चाललं असतं. पण तिची नजर माझ्या हातातल्या बत्त्याकडे गेली. तिने हात खाली घेतला.

दवाखान्यात बाबांनी डॉक्टरांना सांगितलं, स्कूटर घसरली. आईच्या नाकाबद्दल, माझ्या ओठाबद्दल डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाले, तिघंही होतो स्कूटरवर. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. कारखान्यातून रजा मिळाली. चिंतामणकाका भेटायला आले, पेढे घेऊन, माझं गणित सुटलं म्हणून. बाबांनी त्यांच्यासमोर पेढा खाल्ला.

गणित सुटलं ते सुटलंच. शाळेत कुणी काही बदलायला गेलं नाही. मी टेबलावर बायोचं पुस्तक उघडून बसते आणि शेजारची खुर्ची रिकामी असते. पट्टी कुठे गेली मला माहीत नाही, मी विचारलं नाही. आमच्या घरात कुणी कुणाला मारत नाही आता. बाबा टीव्ही लावतात तर आवाज इतका बारीक की त्यांनाच ऐकू येत नसेल. मी खोलीत आले की ते रिमोट माझ्याकडे सरकवतात.

काल जेवायला बसलो. आमच्याकडे पहिली पोळी बाबांची असते, माझ्या आठवणीत ती दुसऱ्या कुणाला गेलेली नाही. आईने तव्यावरची पोळी उचलली, तूप लावलं आणि माझ्या ताटात वाढली. बाबांनी डाव्या हाताने कोशिंबीर ओढून घेतली.

"बाबांना दे ना आधी," मी म्हटलं. माझा आवाजच मोठा आहे, त्याला मी काय करू.

"बरं, बरं, देते हं," आई घाईघाईने म्हणाली. हा आवाज मला ओळखीचा आहे. इतकी वर्षं ती याच आवाजात बाबांना बरं म्हणत आली. आणि बाबांनी प्लास्टरचा हात हळूच टेबलाखाली घेतला.

मला त्यांना सांगायचं होतं की मी काही करणार नाहीये. पण आधी मी घास तोडला, कारण पोळी गरम होती आणि मला भूक होती. आणि सगळ्यात वाईट हे की तो घास गिळेपर्यंत मला ते सगळं आवडलं होतं. ती घाई, ती शांतता, तो सरकलेला हात. मग मी ताट बाजूला केलं, उठले, आणि जमेल तितक्या मऊ आवाजात म्हटलं, "आई, तू बस. आज आधी तू जेव, पोळ्या मी करते."

ती लगेच बसली.