रिकामी धावणारी बस

वाहतूक नियोजनाची पदवी हातात पडली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, पोरगी मार्गी लागली. पण कुठूनच बोलावणं आलं नाही, आणि हळूहळू तिला त्याचं वाईटही वाटेनासं झालं. सकाळी लॅपटॉप उघडायची, बायोडेटातला एखादा शब्द बदलायची, मग पुन्हा तोच घालायची.

एकदा दादा कामाला निघता निघता मागे येऊन उभा राहिला.

"'मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ.' नोकरी शोधतेयस की नवरा?"

ती हसली नाही.

"अगं, केलंयस काय ते लिही. तो बसचा अहवाल कुठेय?"

शेवटच्या वर्षी ती बसमधून फिरून प्रवासी मोजत असे. दवाखान्याच्या मागच्या दारापर्यंत जाणारी बस जवळजवळ रिकामी धावते, ती बंद करून गाड्या स्टेशनच्या रस्त्याला द्याव्यात, असं तिने अहवालात लिहिलं होतं. सरांनी तो बस कार्यालयात दिला. मागच्या महिन्यात बस खरोखरच बंद झाली. त्याच बसने आई दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला जायची. ती बंद करायला आपणच सुचवलं होतं, हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

दुपारी आई आली आणि दारातच बसली. पाय सुजले होते.

"आता चौकात उतरून सगळा चढ चालायचा. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं, देव जाणे."

"माझ्या."

"काय?"

"तो अहवाल मी लिहिला होता."

आई तिच्याकडे वळली. "मी त्याच बसने जाते, हे ठाऊक होतं ना तुला?"

"हो."

"मग? चुकलं होतं का तुझं?"

"नाही. स्टेशनच्या बसला माणसं दाराला लोंबकळत होती."

आईने घोटा चोळला. "सांगायचं तरी होतंस. मी महिनाभर त्या साहेबाला शिव्या घालतेय, आणि साहेब आमच्याच घरात." तिचा आवाज चढला नाही. "पाणी दे जरा."

आता अपराधी वाटेल, म्हणून तिने वाट पाहिली. काहीच झालं नाही. तिने पाणी दिलं, लॅपटॉपसमोर बसली आणि लिहिलं: 'अल्प प्रवासी असलेला मार्ग बंद करण्याची शिफारस. अंमलबजावणी झाली.' दुसऱ्याच कुणाचं तरी काम वाचावं तसं ते वाचलं आणि अर्ज पाठवून दिला.

या वेळी बोलावणं आलं. मुलाखतीत चष्मेवाल्या बाईंनी बोट त्याच ओळीवर ठेवलं.

"याचा त्रास कुणाला झाला?"

"दवाखान्यातल्या कामगारांना. माझी आई त्यांच्यातच आहे."

बाईंनी मान वर केली, काहीतरी टिपून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

नोकरी मिळाल्याचा फोन आला तेव्हा ती रस्त्यात होती. घरी येऊन तिने दारातूनच सांगितलं.

"बरं झालं," आई आतून म्हणाली. "कधीपासून?"

"सोमवारपासून."

"डबा लागेल?"

"लागेल."

आता आनंद होईल म्हणून ती थोडा वेळ उंबऱ्याशीच थांबली. मग चपला काढून आत गेली.