तिरप्या पट्ट्यांचा ड्रम

वकिलाची नोटीस आली की आपण आधी दार लावून घेतो, मग पाकीट फोडतो. कळमनुरीच्या शाकीरनं तेच केलं. साल दोन हजार चार. एका कारखान्यानं कळवलं होतं : हळद पॉलिश करायच्या ड्रमात आतून तिरप्या पट्ट्या बसवायची युक्ती आमची, तिचं नव्व्याण्णवपासून पेटंट आहे, चाँद पाशा वेल्डिंगवाले यांनी नक्कल थांबवावी.

आता घ्या! हळकुंडं तुटू नयेत म्हणून त्या पट्ट्यांची युक्ती काढली होती शाकीरच्या बापानं, चाँद पाशांनीच. पुढं हाच कारखानदार ड्रमचं माप घ्यायला आला होता, पेटंटच्या आधी. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? म्हाताऱ्यानं चहा पाजला आणि टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं.

"माझीच चीज मी चोरली व्हय रे?" नोटीस ऐकून चाँद पाशा एवढंच बोलले आणि खाली बसले.

शाकीरची बहीण कहकशा हिंगोलीला कॉलेजात शिकलेली. ती म्हणाली, "भाईजान, पेटंटच्या आधी आपला ड्रम चालत होता, हे दाखवलं तर लढता येतं. ज्यांनी ड्रम नेले त्यांना विचारा."

"गावभर बोभाटा करू? अब्बाला चोर म्हणतील लोक. गप ऱ्हा."

"ज्यानं चोरलं त्यानं लाजावं. आपण काहून?"

शाकीरनं ऐकलं नाही. ड्रम बंद झाले. चाँद पाशा खाटा न् गेटं जोडत राहिले. कोणी ड्रम मागितला तर म्हणायचे, "आता हात चालत न्हाई." हात ठणठणीत होते, मन मोडलं होतं. दीड वर्षात माणूस खंगून वारला.

जियारतीला, माती दिल्याच्या तिसऱ्या दिवशी, तांड्यावरचा देवला राठोड भेटायला आला. शाकीरनं नोटिशीचं सांगितलं तसा तो चक्रावलाच.

"शाकीरभाई, माझा ड्रम शहाण्णवचा हाय. दसऱ्याला त्याची पूजा केली, फोटो काढला. चाचा बाजूलाच उभे हायेत. तारीख बी छापून आली खाली. मला एका सबदानं तरी सांगायचं व्हतं."

शाकीर लेकरासारखा रडला. पुरावा चार कोसांवर होता, आणि त्याच्या खोट्या इज्जतीपायी बाप चोर म्हणवून घेत मेला!

दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन बहिणीसोबत वकिलाकडं गेला. निकाल लागायचा तेव्हा लागेल.

वाचकहो, अशी डोकी आपल्या गावोगावी आहेत. नवं काही काढलंत तर दुसऱ्याला दाखवण्याआधी तारीख घालून लिहा, नोंदवा. आणि कुणी ते पळवलंच, तर लाजेनं गप बसू नका, चार माणसांना सांगा. शाकीरनं सांगितलं, पण तेव्हा ऐकायला अब्बा नव्हते.