दोन बोटांमधली जागा

डॉक्टरीणबाईंनी बँडेजचा शेवटचा वेढा सोडवला आणि ठमीची मधली दोन बोटं दिसली. लालसर, सुजलेली, पण दोन. ठमीला मांडीवर घेऊन बसलेल्या सुनेने ती पुन्हा मोजून पाहिली. सासूबाईंनी मान वळवून डोळे टिपले.

ठमी जन्मली तीच ती बोटं जोडलेली घेऊन. सून हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची आणि दिवस भरत आले तरी तिने मशीन सोडलं नव्हतं. सासूबाईंनी हे तिला उठताबसता ऐकवलं. ती ब्र काढत नसे, कारण मनातून तिलाही तेच वाटे. मोज्याच्या दोन बोटांमध्ये एक अरुंद पट्टी शिवतात. ती राहिली तर बोटं नीट सुटत नाहीत. आपल्या अंगाकडूनही अशीच एखादी पट्टी लावायची राहिली, अशी तिची पक्की समजूत झाली होती.

आज तिने धीर करून विचारलंच. "बाई, माझ्याकडून काय घालायचं राहिलं?"

"घालायचं काही नाही. काढायचं राहिलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ठमीचा दुसरा हात पुढे धरला. पोटात असताना हात आधी वल्ह्यासारखा चपटा, सलग असतो. मग बोटांमधल्या पेशींना शेजारच्या पेशींकडून निरोप जातो, की तुमचं काम झालं, आता निघा. त्या मुकाट्याने विरून जातात आणि बोटं मोकळी होतात. ठमीच्या दोन बोटांमध्ये तो निरोप पोचलाच नाही. मशीनवर बसण्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

सून ठमीची सुटी झालेली बोटं निरखत राहिली. सासूबाईच पुढे सरकल्या. "आमचे हे पोटातल्या गाठीने गेले. त्या पेशींनाही निरोप पोचला नव्हता का?"

"पोचला असेल, पण त्यांनी ऐकायचं सोडलं होतं. काही पेशी बिघडतात तशा."

"मी फार भांडायचे हो त्यांच्याशी. नणंद म्हणायची, तूच आतून पोखरलंस माझ्या भावाला."

"भांडणाने गाठ होत नाही, आजी."

बाहेर आल्यावर सासूबाई बाकावर टेकल्या त्या उठेचनात. सुनेनेही घाई केली नाही. शेवटी त्यांनीच हात पुढे केले.

"दे तिला. तू सोमवारपासून कामावर जा, हिला मी बघते. आणि मी इतके दिवस जे..."

"असू दे, आई."

ठमी आजीच्या मांडीवर केव्हाच झोपली होती. तरी सासूबाई तिच्या हातावरच्या नव्या बँडेजवर हलकेच फुंकर घालत बसल्या.